डोंगर पोखरला, उंदीर राहिला

मी उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवते. म्हणींचा पाठ आला की मुलांना एक खेळ देते. मी उर्दूतली म्हण सांगायची आणि त्यांनी तिची मराठीतली बहीण शोधायची. पुष्कळ जोड्या सापडतात. ‘खोदा पहाड, निकला चूहा’ आणि ‘डोंगर पोखरून उंदीर काढणे’ ही जोडी तर मुलं क्षणात लावतात. अर्थ एकच. मेहनत डोंगराएवढी आणि हाती लागला तो उंदीर.

आपल्या इतिहासात मात्र एक काळ असा होऊन गेला की ही म्हण उलटी झाली. सरकारनं एका रोगाच्या शोधात शहरं पोखरली. घरांची कौलं काढली, जमिनी उकरल्या, रेल्वे स्टेशनांवर बायामाणसांच्या अंगावर गाठी चाचपल्या, हजची वाट बंद केली. आणि ज्याला शोधायला हवं होतं तो उंदीर तेवढा राहून गेला. तो धान्याच्या पोत्यांमागे होता, कौलांच्या फटीत होता. त्याच्याकडे नीट पाहायला शास्त्रज्ञांना आणि साहेबांना मिळून जवळजवळ दहा वर्षं लागली. तेवढ्या काळात लाखो माणसं गेली.

हा काळ म्हणजे १८९६ पासून सुरू झालेल्या प्लेगचा. मराठी घरांत त्याला ‘गाठीचा ताप’ म्हणत, उर्दूत ‘ताऊन’. वखार, कोठार, कारखाना अशा जागांतले उंदीर कसे घालवावेत, हा प्रश्न तसा घरगुती. पण त्याचं खरं उत्तर आपल्याला फार मोठी किंमत मोजून मिळालेलं आहे. म्हणून हा इतिहास सांगावासा वाटतो.

मांडवीची गोदामं

मुंबईतलं मांडवी हे नावच बंदराचं आहे. मांडवी म्हणजे जकातीची जागा. १८८० साली प्रिन्सेस डॉक झाला आणि या भागाला आणखी भरभराट आली. धान्य, साखर, खजूर, मसाले, जे जे जहाजातून उतरायचं आणि जे जे चढायचं, ते मांडवीत साठवलं जाई. घरांची रचना अशी की तळमजल्यावर गोदाम आणि वरच्या मजल्यांवर माणसं. हमाल, गुमास्ते, छोटे दुकानदार, त्यांची बायकामुलं. अंधार, ओल आणि दाटी. खाली पोत्यांच्या थप्प्या आणि वर चुली.

उंदराला यापेक्षा जास्त काय हवं? त्याला तीनच गोष्टी लागतात: खायला धान्य, लपायला फट आणि ये-जा करायला निवांत वाट. मांडवीत तिन्ही होत्या.

१८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेग पसरला होता. तिथेच अलेक्झांडर येरसिन आणि शिबासाबुरो किटासाटो यांनी या रोगाचा जंतू शोधला. येरसिननं तिथल्या मेलेल्या उंदरांचीही नोंद केली होती. तिथूनच रोग जहाजांतून मुंबईत आला असावा, असं बहुतेक इतिहासकार मानतात. सप्टेंबर १८९६ मध्ये मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी मांडवीत ताप आणि जांघेतली गाठ असलेले रोगी पाहिले आणि हा प्लेग आहे असं ओळखलं. त्यांचा पुतळा आजही धोबीतलावला, मेट्रो सिनेमाजवळ उभा आहे. जाणारे-येणारे क्वचितच मान वर करून पाहतात.

मांडवीच्या गोदामांत त्या दिवसांत उंदीर मरून पडत होते. लोकांनी ते पाहिलं होतं. पुढे गावोगाव एक शब्दप्रयोगच रूढ झाला, ‘उंदीर पडला’. घरात उंदीर पडला की जुनी माणसं भांडीकुंडी गोळा करून माळावर झोपड्या टाकायला निघत. पार गढवाल-कुमाऊंच्या डोंगरातही हेच शहाणपण होतं. उंदीर मरू लागले की गाव सोडायचं. म्हणजे ज्याची वही-पुस्तकाशी ओळख नव्हती, त्याला उंदीर आणि ताप यांचं नातं ठाऊक होतं. कारण माहीत नव्हतं, खूण माहीत होती.

माणसांची झडती

सरकारनं खुणेकडे पाहिलं नाही असं नाही. पण त्यांच्या मनात रोग म्हणजे घाण, आणि घाण म्हणजे घाणेरडी माणसं, हे समीकरण पक्कं होतं. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. चारच कलमांचा हा कायदा, पण त्यानं अंमलदारांना हवं ते करण्याची मुभा दिली. घरात शिरून रोगी शोधणं, त्याला उचलून रुग्णालयात नेणं, घरच्यांना छावणीत ठेवणं, सामान जाळणं, भिंतींना चुना मारणं, उजेड यावा म्हणून छपराची कौलं काढणं, गटारांत औषधी पाणी सोडणं. कामं कष्टाची होती आणि अंमलदारही सगळेच दुष्ट नव्हते. पण कौल काढलं की त्याखालचा उंदीर जागच्या जागी मरत नाही. तो शेजारच्या छपरात जातो, आणि आपल्याबरोबर आपल्या पिसवाही नेतो.

माणसंही तेच करत होती. रोगी लपवत होती, रात्रीतून गाव गाठत होती. मुंबईतून लाखो लोक निघून गेले. १८९१ च्या खानेसुमारीत या शहराची वस्ती ८ लाख २१ हजार होती. १९०१ मध्ये ती ७ लाख ७६ हजारांवर आली. वाढत्या शहरात दहा वर्षांनी माणसं कमी भरावीत, यातच सगळं आलं.

पुण्यात काय झालं ते शाळेतल्या पुस्तकांतून सगळ्यांनी वाचलेलं आहे. सैनिकांकडून घरझडत्या, त्यातून उसळलेला संताप आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर झाडलेली गोळी. त्याच पुण्यात त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्यांना लागण झाली. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत तिथे दवाखाना चालवत होते. एका बाजूला बूट घालून घरात शिरणारी झडती आणि दुसऱ्या बाजूला आजारी पोराला पाठीवर घेणारी बाई. एकाच रोगाशी लढण्याच्या या दोन तऱ्हा मी वर्गात नेहमी शेजारी ठेवून सांगते.

मदनपुऱ्यातली मुलगी आणि थांबलेला हज

आपल्या पुस्तकांत सहसा न येणारी गोष्ट मदनपुऱ्याची आहे. १८५७ नंतरच्या काळात उत्तर हिंदुस्थानातून विणकर मुस्लिम, म्हणजे जुलाहे किंवा मोमीन, मोठ्या संख्येनं दक्षिणेकडे आले. काही मालेगावला राहिले, काही भिवंडीला, काही मुंबईत मदनपुऱ्याला. घर म्हणजेच कारखाना. एका खोलीत हातमाग, त्याच खोलीत संसार. सुताला खळ लावायची म्हणजे पिठाची पेज आलीच, आणि खळ लावलेलं सूत उंदराला धान्याइतकंच प्रिय.

९ मार्च १८९८ रोजी प्लेगची तपासणी करणारी तुकडी मदनपुऱ्यात एका विणकराच्या घरी आली. घरात आजारी मुलगी होती. तिला तपासायचं, न्यायचं, यावरून वाद झाला, गर्दी जमली. बघता बघता दंगल पेटली, गोळीबार झाला. विणकर मेले, दंगलीत गोरे सैनिकही मारले गेले. आग शहरभर पसरली. त्याआधी ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता. म्हणजे संताप काही एकट्या मुसलमानांचा नव्हता. ज्याच्या घरात परका माणूस न विचारता शिरला, तो प्रत्येक जण चिडला होता.

तेव्हाच्या इंग्रजी लिखाणात या विणकरांचं वर्णन अडाणी, धर्मवेडे असं आढळतं. मला वाटतं, बापाची भीती समजायला धर्म कशाला हवा? त्या काळी रुग्णालयात गेलेला प्लेगचा रोगी क्वचितच चालत परत येई. मुलीला नेताहेत म्हणजे कायमची नेताहेत, हे त्याला दिसत होतं.

दुसरी गोष्ट हजची. १८९७ मध्ये युरोपातल्या देशांची व्हेनिसला परिषद भरली. मुंबईचा प्लेग हाजींबरोबर मक्केला आणि तिथून युरोपात पोचेल, ही त्यांची धास्ती. त्या दडपणाखाली हिंदुस्थान सरकारनं त्या हंगामात इथून हजला जाणंच बंद केलं. साथीत प्रवास थांबवणं चूक म्हणता येत नाही. हदीसमध्येच ताऊनच्या मुलखात जाऊ नये आणि तिथून बाहेर पडू नये असं सांगितलं आहे. हिजरी १८ मध्ये, म्हणजे इसवी सन ६३९ ला, शाममध्ये अमवासचा ताऊन आला तेव्हा हजरत उमर वाटेतून परत फिरले होते. पुढे अम्र बिन आस यांनी वस्तीतल्या लोकांना डोंगरात पांगवलं आणि साथ ओसरली, असं इतिहासकार लिहितात. माळावर झोपड्या टाकणारे आपले खेडूत तरी वेगळं काय करत होते?

माझी तक्रार वेगळी आहे. माणसं थांबली, पण माल चालूच राहिला. धान्याचं पोतं कुणी थांबवलं नाही, आणि पोत्याबरोबर उंदीर निघाला. जहाजांवरचे उंदीर मारण्याची तरतूद आंतरराष्ट्रीय करारात आली ती १९०३ साली, पॅरिसच्या परिषदेत. हाजी थांबल्यानंतर सहा वर्षांनी.

त्याच काळातली एक चांगली बाजूही सांगितली पाहिजे. ओडेसाचे ज्यू शास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत येऊन प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. लोक लशीला घाबरत होते. तेव्हा जेमतेम विशीतले असलेले आगाखान तिसरे, सुलतान मुहम्मद शाह यांनी हाफकिनना प्रयोगशाळेसाठी जागा दिली आणि लोकांसमोर स्वतः लस घेतली. मग खोजा जमातीतले हजारो लोक लस घ्यायला पुढे आले. सक्तीनं जे झालं नाही ते भरवशानं झालं. पुढे सरकारनंही निरनिराळ्या जाती-जमातींना आपापली प्लेगची रुग्णालयं चालवू दिली. तिथे मात्र रोगी आपण होऊन येऊ लागले.

कराचीतलं हॉटेल, परळमधल्या झोपड्या

मदनपुऱ्याची दंगल मार्चमध्ये झाली. त्यानंतर तीन महिन्यांनी, २ जून १८९८ रोजी, कराचीतल्या रेनॉल्ड्स हॉटेलच्या एका खोलीत पॉल-लुई सिमाँ नावाचा फ्रेंच डॉक्टर एका काचेच्या बरणीपाशी बसला होता. बरणीत एक रोगी उंदीर आणि पिसवा. जाळीच्या छोट्या पिंजऱ्यात दुसरा, धडधाकट उंदीर. दोघांचा एकमेकांना स्पर्श होणार नाही अशी सोय. पिसवा मात्र जाळीतून सहज जाणाऱ्या. पहिला उंदीर मेला. काही दिवसांत दुसराही मेला, आणि त्याच्या अंगात प्लेगचे जंतू सापडले. थंड पडलेल्या उंदराला सोडून पिसू ऊबदार अंग शोधते. दुसरा उंदीर मिळाला तर उंदीर, नाहीतर माणूस. कोडं सुटलं होतं.

पण कुणी ऐकलं नाही. हिंदुस्थान सरकारच्या प्लेग आयोगानं सिमाँचं म्हणणं मानलं नाही. माणसांच्या झडतीवर उभी असलेली सगळी यंत्रणा एका पिसवेच्या सांगण्यावरून कोण बदलणार?

ते काम १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत झालं. हीच आजची हाफकिन संस्था. तिथे ग्लेन लिस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंगणात सहा छोट्या खोल्या बांधल्या. त्यांच्या अहवालात त्यांचा उल्लेख ‘गोदामं’ असाच आहे. सहाही सारख्या, फरक फक्त छपराचा. दोनांवर नळीची देशी कौलं, दोनांवर सपाट मंगळुरी कौलं, दोनांवर पन्हळी पत्रे. छपराखाली जाळी बसवली. उंदीर खाली उतरू नये, पण त्याच्या अंगावरच्या पिसवा खाली पडाव्यात, एवढी ती बारीक. खाली गिनीपिग सोडले, कारण पिसवा त्यांच्या अंगावर गोळा होतात आणि मोजता येतात.

देशी कौलांत उंदरांनी लगेच बिऱ्हाड केलं आणि खालच्या गिनीपिगांच्या अंगावर पिसवा झाल्या. मंगळुरी कौलांत उंदराला तेवढी सोय नव्हती. पत्र्याखाली जागाच नव्हती. मग रोगी आणि निरोगी गिनीपिग एकत्र ठेवले. जिथे पिसवा होत्या तिथे रोग पसरला. जिथे पिसवा नव्हत्या तिथे ते एकमेकांना खेटून राहिले, एका भांड्यात जेवले, तरी पसरला नाही. एक पिंजरा जमिनीला लागून टांगला आणि एक दोन फूट वर. वरचा जनावर वाचला, कारण पिसू एवढी उडी मारू शकत नाही.

विचार करा, या प्रयोगानं किती गोष्टी एकदम सांगितल्या. रोगी हा शेजाऱ्याचा शत्रू नाही. त्याला हात लावणारी आई गुन्हेगार नाही. गाठीच्या तापात दोष छपराचा आहे, फटीचा आहे, खाली उघड्या ठेवलेल्या धान्याचा आहे. त्याच संशोधकांनी वर्षभरात लाखाहून जास्त उंदीर तपासून रोगाचं वेळापत्रकही मांडलं. आधी गटारातला तपकिरी उंदीर मरतो. साधारण दहा दिवसांनी घरातला काळा उंदीर. आणि त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी माणूस. म्हणजे ‘उंदीर पडला’ म्हणून घर सोडणारी म्हातारी बरोबर होती. तिच्या हातात दोन आठवडे होते.

मारणं आणि घालवणं

एकदा उंदीर गुन्हेगार ठरला म्हटल्यावर त्याला मारण्याची लाट आली. पण उंदीर मारणं वेगळं आणि उंदीर घालवणं वेगळं. फ्रेंच सत्तेखालच्या हनोईत १९०२ साली उंदराच्या प्रत्येक शेपटीमागे बक्षीस ठेवलं होतं. शेपट्यांचा ढीग जमला. मग शहरात बिनशेपटीचे उंदीर पळताना दिसू लागले. लोक शेपटी कापून उंदीर सोडून देत होते, म्हणजे पिल्लं होत राहतील. शहराबाहेर तर काहींनी उंदीर पाळायलाच घेतले होते. बक्षीस बंद करावं लागलं.

गणित साधं आहे. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते. एका वेताला सहा-आठ पिल्लं. ती पिल्लं तीन महिन्यांच्या आत स्वतः विण्याजोगी होतात. वखारीतले निम्मे उंदीर मारले तर उरलेल्या निम्म्यांना दुप्पट खाणं मिळतं. मुंबई महापालिकेकडे आजही रात्री काठी आणि बॅटरी घेऊन उंदीर मारणारे कर्मचारी आहेत. रात्रीला तीस उंदीर, असं त्यांचं माप. त्यांच्या मेहनतीला सलाम. पण सव्वाशे वर्षं उंदीर मारूनही ते काम संपलेलं नाही, हेही खरं.

मारण्यात दुसरी अडचण श्रद्धेची होती. मांडवीतल्या कित्येक व्यापाऱ्यांना जीवहत्या मान्य नव्हती. कुणासाठी उंदीर देवाचं वाहन. आपल्याकडे हदीसमध्ये उंदीर मारायला परवानगी आहे, पण जनावराला हालहाल करून मारायला नाही. मला मात्र या वादातून एक वाट दिसते. भोक बुजवायला कुणाच्याच धर्माची आडकाठी नाही. रात्री भांडी झाका, दारं लावा आणि दिवा मालवून निजा, उंदीर वात ओढून घर पेटवेल, असंही हदीसमध्ये सांगितलेलं आहे. उंदरामागे धावा, असं तिथे नाही. झाका आणि लावा, असं आहे.

झाकायचं राहिलं की काय होतं, ते आपण १९९४ मध्ये पाहिलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर बीड जिल्ह्यातल्या मामला गावच्या लोकांनी भीतीनं राहती घरं सोडली. साठवलेलं धान्य जुन्या घरांतच राहिलं. तिथे उंदीर माजले. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये उंदीर पडू लागले, पिसवांचा उपद्रव झाला आणि सप्टेंबरात गाठीच्या तापाचे रोगी आले, असा त्या साथीचा माग तज्ज्ञांनी लावला. त्याच महिन्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली आणि रेल्वेगाड्या भरभरून लोक पळाले. मी तेव्हा शाळेत होते. नाकाला रुमाल बांधलेली माणसं मला आठवतात. शंभर वर्षांनी पुन्हा तेच, बेवारस धान्य आणि उंदीर.

आपल्या कोठारात

आमच्या शाळेत पोषण आहाराच्या तांदळाची खोली आहे. पावसाळ्यात तिथे लेंड्या दिसायच्या, पोती कुरतडलेली असायची. कुणी विष ठेवा म्हणालं, कुणी मांजर आणा म्हणालं. विषाला मी ठाम नाही म्हटलं. मुलांच्या ताटात जाणाऱ्या धान्याशेजारी विष नको. शिवाय विष खाल्लेला उंदीर भिंतीत कुठे मरून कुजेल याचा नेम नाही, आणि तो खाऊन मांजर-घुबडही मरतं.

परळच्या त्या खोल्या डोळ्यांसमोर ठेवून आम्ही आधी खोली पाहिली. लहान उंदराला पेन्सिल जाईल एवढी फट पुरते. दाराखालून तेवढी फट होती, तिथे पत्र्याची पट्टी ठोकली. नळ भिंतीत शिरतो तिथल्या भोकात तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट लावलं, कारण नुसतं सिमेंट ओलं असतानाच ते उकरतात. पोती जमिनीवरून उचलून लाकडी फळ्यांवर ठेवली, आणि भिंतीपासून हातभर लांब, म्हणजे मागे उजेड पडतो आणि झाडताही येतं. फुटलेलं पोतं पत्र्याच्या झाकणाच्या पिंपात ओतलं. जुनी वह्या-रद्दी हलवली, कारण घरटं तिथेच होतं.

मग पिंजरे आणि चाप. ते खोलीच्या मधोमध ठेवून उपयोग नसतो. उंदीर भिंतीच्या कडेनं धावतो, म्हणून चाप भिंतीला काटकोनात, आमिषाचं तोंड भिंतीकडे करून ठेवायचा. आमिषाला भज्याचा तुकडा पुरे. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून पहिले दोन-तीन दिवस चाप न लावता नुसतं खाणं ठेवायचं. चिकट पुठ्ठे आम्ही आणले नाहीत. त्यावर अडकलेला जीव तासन्‌तास तडफडतो. लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत, आधी जंतुनाशकाचं पाणी शिंपडायचं आणि हातमोजे घालायचे. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो, हे मुंबई-कोकणातल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

महिनाभरात लेंड्या दिसेनाशा झाल्या. चापात सापडले ते चारच. बाकीचे कुठे गेले? खायला मिळेना, तेव्हा निघून गेले.

यंत्रमागाच्या कारखान्यांतही हेच लागू पडतं. माझ्या विद्यार्थ्यांच्या घरी रात्रपाळीचे कामगार मागाशेजारीच डबा खातात, खरकटं तिथेच पडतं. टाकाऊ सुताचा ढीग कोपऱ्यात महिनोन्‌महिने पडून राहतो. उंदरानं बीमवरचं सूत तोडलं की मालक औषध आणतो. तो ढीग आठवड्याला उचलला आणि डबा खायची जागा वेगळी केली, तर निम्मं काम तिथेच होतं.

ज्याच्या नावाने बोट उठतं

१८९७ चा तो चार कलमांचा कायदा २०२० मध्ये कोरोनाच्या वेळी पुन्हा बाहेर आला. त्या उन्हाळ्यात साथीचं खापर कुणावर फुटलं ते आपण विसरलेलो नाही. तबलिगी जमातीच्या परदेशी पाहुण्यांवर गुन्हे नोंदवले गेले, त्यांत हा कायदाही होता. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं ते गुन्हे रद्द केले आणि त्या लोकांना बळीचा बकरा बनवलं गेलं, अशा अर्थाचं मत नोंदवलं. भाजीवाल्यांचे गाडे तोवर बंद पडून गेले होते.

मला यातून एकाच समाजाची कैफियत मांडायची नाही. १८९६ मध्ये बोट गिरणी कामगारांकडे होतं, १८९७ मध्ये पुण्याच्या वाड्यांकडे आणि हाजींकडे, १८९८ मध्ये विणकरांकडे. आज आपल्याकडे असेल, उद्या आपणही कुणाकडे तरी दाखवू. परप्रांतीय मजुरांच्या खोल्यांबद्दल आपल्याच मोहल्ल्यात काय बोललं जातं, ते मी ऐकते. बोट दाखवायला वेळ लागत नाही. फट शोधायला गुडघ्यावर बसावं लागतं, हातात दिवा धरून भिंत चाचपावी लागते.

वर्गात हा भाग शिकवताना मी मुलांना घरचा अभ्यास देते. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारायचं, ‘उंदीर पडला’ हे शब्द तुम्ही कुणाच्या तोंडून ऐकले होते का? दरवर्षी चार-पाच मुलं काहीतरी घेऊन येतात. कुणाच्या पणजीनं माळावरच्या झोपडीत काढलेले दिवस, कुणाच्या पणजोबांनी मुंबईहून पायी केलेला प्रवास. सरकारी अहवालांत आकडे आहेत, छपरांची वर्णनं आहेत, उंदरांची मोजदाद आहे. त्या झोपडीत रात्री काय बोलणं होई, हे फक्त घरात सांगितलं गेलं आहे. तुमच्याही घरात असं कुणी असेल, तर विचारून घ्या आणि लिहून ठेवा.